गाडीच्या पाठीला डोळा



पूर्वी मालट्रकवर ड्रायव्हरच्या जोडीला किन्नर असायचा. खरा शब्द क्लीनर, पण आपल्याकडे तो किन्नरच. गाडी मागं घ्यायची वेळ आली की तो उडी मारून खाली उतरायचा, फाळक्यावर तळहात आपटायचा आणि घसा ताणून ओरडायचा, “येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या... बास!” पोरंबाळं, कुत्री-मांजरं, कुणाची सायकल, कुणाची वाळत घातलेली मिरची, सगळ्यांवर त्याची नजर. गाडीच्या पाठीला डोळा होता तो एवढाच, आणि तो चांगला होता.

मग पिकअप आल्या. २००५ साली टाटांचा छोटा हत्ती आला. दारात स्वतःची मालगाडी उभी राहू लागली, ही चांगलीच गोष्ट झाली. दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघत माल सुकवत बसायला नको. (टेम्पो हा शब्दसुद्धा पुण्यानंच आपल्या तोंडात घातला म्हणा ना. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीच्या गाड्यांचं ते नाव, मूळचं जर्मन. कंपनीनं २००५ साली आपलं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. आपण मात्र कुठल्याही छोट्या मालगाडीला अजून टेम्पोच म्हणतो.) पण या गाड्यांवर माणूस एकच. किन्नर गेला आणि त्याची जागा रिकामीच राहिली.

ती जागा भरायला हल्ली दोन वस्तू मिळतात. मागं काही आडवं आलं की टूं-टूं करणारा सेन्सर, आणि मागचं सगळं पडद्यावर दाखवणारा कॅमेरा. यातलं काय घ्यावं, कसं पारखावं, असं पारावर चारचौघं विचारतात. आधी आमच्याच घरात काय घडलं ते सांगतो, मग हिशेब.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. थोडं सीताफळ, थोडं अंजीर. थोरल्या भावाच्या मुलानं तीन वर्षांपूर्वी जुनी पिकअप घेतली, २०१६ सालची. तिला मागं सेन्सर आधीच्या मालकानंच बसवलेला होता. पहिले आठ दिवस आम्हाला त्याचं कोण कौतुक! महिनाभरात तो घराला नकोसा झाला. गाडी मागं घेतली की बोंब. कडब्याची पेंढी दिसली की बोंब, गवत हललं की बोंब, क्रेट भरून गाडी खाली बसली की नुसत्या जमिनीकडं बघून बोंब. एक दिवस पुतण्यानं वैतागून त्याच्या भोंग्याची वायर उपसून टाकली. “तात्या, डोकं उठवलं होतं त्यानं,” म्हणाला. मीही काही बोललो नाही. मलाही तो आवाज नकोच होता.

गेल्या वर्षी सीताफळाच्या हंगामात, दिवेलागणीच्या सुमाराला, क्रेट भरायला म्हणून तो गाडी ओट्याकडं मागं घेत होता. आमची सव्वादोन वर्षांची नात करडाच्या मागं धावत धावत गाडीच्या पाठीमागं गेली आणि तिथंच फतकल मारून बसली. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हातातलं सूप फेकलं आणि अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वस्तीवरची कुत्री उठली. गाडी थांबली. पोरीच्या पायापासून चाक वीतभर लांब होतं. तिच्या शेजारची कळशी मात्र चेपली होती.

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. पुतण्या दोन दिवस गाडीला हात लावेना. ती कळशी वहिनींनी मोडीत घालू दिलेली नाही, अजून परसात पडून आहे.

तिसऱ्या दिवशी मी एक खटाटोप केला. तुम्हीही करून बघा, त्याला पैसा लागत नाही. तेलाचे पंधरा किलोचे दोन रिकामे डबे एकावर एक ठेवले. उंची झाली साधारण दोन वर्षांच्या पोराच्या खांद्याएवढी. ते गाडीच्या मागं, बरोबर मधोमध ठेवले आणि मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. मोठ्या नातवाला सांगितलं, डबे एकेक पाऊल मागं सरकवत जा, मला दिसले की हाक मारतो. पोरगं सरकवत गेलं. अंगण संपलं, गोठ्याची भिंत आली, तरी डबे काही आरशात आले नाहीत. आतल्या आरशात हुडाची ताडपत्री दिसते. बाहेरचे दोन आरसे गाडीच्या दोन्ही कुशी दाखवतात. गाडीच्या रुंदीएवढा मधला पट्टा कुठल्याच आरशात नाही. आपण गाडी मागं घेतो म्हणजे त्या न दिसणाऱ्या पट्ट्यात ती ढकलतो. पुतण्याला मी नंतर जागेवर बसवून हे दाखवलं, तेव्हा कुठं त्याच्या मनावरचं ओझं थोडं उतरलं. त्याचं लक्ष नव्हतं असं नाही. लक्ष देऊनही ती दिसलीच नसती.

आता सेन्सर. त्याचं काम संध्याकाळी किडे टिपणाऱ्या लहान वटवाघळासारखं आहे. आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज सोडायचा आणि तो आपटून परत आला की किती वेळ लागला त्यावरून अंतर ठरवायचं. माणसाच्या कानाची मजल सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत. सेन्सर सोडतो तो आवाज ४०,००० किंवा त्याहून वरचा. बंपरमध्ये जी गोल बटणं दिसतात ती त्याचं तोंडही आणि कानही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, त्यामुळं पाच फुटांवरच्या भिंतीवर जाऊन परत यायला सेकंदाचा शंभरावा हिस्सासुद्धा लागत नाही. यंत्र त्या बाबतीत चलाख आहे. जपानच्या टोयोटा कंपनीनं १९८२ सालीच आपल्या करोना नावाच्या मोटारीला असा सेन्सर दिला होता, म्हणजे ही काही कालची नवलाई नव्हे.

अडचण दुसरीकडं आहे. साध्या सेन्सरची नजर पाच-सहा फुटांची. आणि गाडी मागं घेताना आपण अगदी हळू, ताशी पाच किलोमीटरनं चाललो असं धरलं, तरी एका सेकंदात ती साडेचार फूट जाते. टूं ऐकायचं, कळायचं, पाय उचलून ब्रेकवर आणायचा, यातच एक सेकंद जातो. बघा हिशेब करून. रोजच्या घाईत आपण पाचच्या वर जातोच, मग सेन्सर ओरडेपर्यंत काम उरकलेलं असतं.

शिवाय आवाज ज्या वस्तूवर आपटून सरळ परत येतो तीच त्याला कळते. भिंत, दुसऱ्या गाडीचं तोंड, जाडजूड खांब, हे तो बिनचूक सांगतो. पण बारीक सळई, कुंपणाची तार, जमिनीलगतचा दगड त्याला बऱ्याचदा कळत नाही. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं. गोधडीत गुंडाळलेलं पोर म्हणजे त्याच्या दृष्टीनं अर्धं नाहीच. आणि बंपरला अगदी चिकटून, बटणांच्या खाली कुणी बसलं असेल तर आवाज त्याच्या डोक्यावरून निघून जातो. उलट जे धोक्याचं नाही ते त्याला दिसतं, उसाचं पाचट, गवत, स्वतःच्याच गाडीचा मागचा हूक. चिखलानं बटण माखलं की एकतर अखंड बोंब, नाहीतर पूर्ण मुकं.

आमच्या गाडीचं तेच झालं होतं. बटणं लोखंडी बंपरवर फार खाली बसवलेली, एक तर हुकाच्या अंगाशीच. माल भरला की गाडीची पाठ खाली बसते, मग बटणं जमिनीकडं तोंड करतात. जो सारखा ओरडतो त्याचं कुणी ऐकत नाही, आणि शेवटी त्याची वायरच उपसली जाते. यंत्र महाग की स्वस्त यापेक्षा ते उगाच ओरडतं की नाही, हे मी आता आधी बघतो.

सरकारचा नियम काय म्हणतो हेही सांगून टाकतो. १ जुलै २०१९ पासून कारखान्यातून निघणाऱ्या प्रवासी मोटारींना मागं सेन्सर असणं बंधनकारक झालं. त्याच्याबरोबरच ड्रायव्हरपुढची हवेची पिशवी, पट्ट्याची आठवण देणारा आवाज, ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की देणारा इशारा हेही आलं. या कामाचं जे मानक, एआयएस-१४५ नावाचं, ते आपल्या पुण्यातूनच निघतं. कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया नावाची संस्था १९६६ पासून आहे, देशातल्या गाड्यांची तपासणी तिथं होते. पण नियम त्या तारखेच्या आधी बनलेल्या गाड्यांना मागं जाऊन लागत नाही, आणि खेडोपाडी गाड्या असतात जुन्याच. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा तर यात विषयच नाही. नवी मालगाडी घ्यायला शोरूमात गेलात तर तुमच्या मॉडेलला मागचा सेन्सर कंपनीतूनच येतो का, हे तोंडानं विचारा आणि गाडी मागं घ्यायला लावून कानानं ऐका.

मला यात एक गोष्ट नंतर उमगली. शहरातल्या माणसाला सेन्सर लागतो तो बंपर वाचवायला. त्याची गाडी सोसायटीच्या भिंतीला किंवा मागच्या मोटारीला घासू नये, एवढी त्याची काळजी, आणि भिंत ओळखण्यात सेन्सर पटाईत. आपल्या पिकअपच्या बंपरला चार ओरखडे आले तर कोण रडतं? आपल्या अंगणात भिंती कमी आणि जीव जास्त. रांगतं पोर, वाकून पापड उलटणारी आजी, बांधलेलं वासरू, ताटात डाळ वाळत घालणारी सून. तेव्हा वस्तू निवडताना दुकानदाराला गाडीसाठी मागू नका, मागं बसलेल्या पोरासाठी मागा. तसं मागितलं की पहिला क्रम कॅमेऱ्याचा लागतो, सेन्सर त्याच्या मागून.

हे माझ्या एकट्याचं म्हणणं नाही. अमेरिकेत घराच्या दारातच मागं येणाऱ्या गाडीखाली सापडून माणसं मरतात हे लक्षात आल्यावर त्यांनी २००८ साली कायदा केला. त्या कायद्याला एका दोन वर्षांच्या मुलाचं नाव आहे. गाडी त्याच्या वडिलांनीच मागं घेतली होती. २०१४ साली नियम पक्का करताना तिथल्या रस्ता सुरक्षा खात्यानं आकडे दिले. अशा अपघातांत त्यांच्याकडं वर्षाला सरासरी २१० जीव जात होते आणि १५,००० माणसं जखमी होत होती. मेलेल्यांत ३१ टक्के पाच वर्षांच्या आतली मुलं, २६ टक्के सत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली माणसं. नातवंडं आणि आजी-आजोबा, दोघं मिळून निम्म्याहून जास्त. मे २०१८ पासून तिथं प्रत्येक नव्या हलक्या गाडीला मागं बघायची सोय सक्तीची आहे, आणि त्यासाठी गाड्यांना कॅमेराच बसतो. नुसत्या सेन्सरवर तिथं भागत नाही.

त्यांच्या नियमातली दोन मापं आपल्याला उपयोगी आहेत. गाडीच्या मागं दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब एवढी जागा पडद्यावर दिसलीच पाहिजे. आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत चित्र यायला हवं. ही दोन मापं मी वहीत टिपून घेतली आणि पुढच्या खेपेला सीताफळाबरोबर ती वहीही गाडीत टाकली.

बोपदेव घाट उतरून कोंढव्यावरून पहाटे मार्केट यार्ड गाठलं. माल लागला, पट्टी हातात आली, तोवर दिवस वर आला. गाडीच्या सामानाची दुकानं नाना पेठेत, पण पेठांच्या गल्ल्यांत भरल्या रस्त्यानं पिकअप घालायच्या फंदात पडू नका. काही रस्त्यांवर मालगाड्यांना वेळेचं बंधन असतं, आणि नसलं तरी उभी कुठं करणार? गाडी यार्डातच ठेवून आम्ही दोघं रिक्षानं गेलो.

पहिल्याच दुकानात मालकानं खोका काढला. “मामा, हा घ्या आठ बटणांचा. चार पुढं, चार मागं. बंपरला ओरखडा येणार नाही.”

“बंपर आमचा आधीच चेपलाय,” मी म्हणालो. “मागं पोर बसलं तर दिसंल असं काय आहे?”

तो क्षणभर गप्प झाला, मग हसला. माणूस चांगला होता. त्यानं गल्ल्यावरच बारा व्होल्टच्या बॅटरीला एक कॅमेरा आणि पडदा जोडून दाखवला. आता काय काय बघितलं ते सांगतो, कारण खरी निवड इथं होते.

दुकानातल्या पोऱ्याला मी कॅमेऱ्यासमोर उभं करून डावा हात हलवायला सांगितला. गाडीच्या मागच्या कॅमेऱ्यात चित्र आरशातल्यासारखं उलटं लागतं, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाची वस्तू पडद्यावरही डावीकडंच दिसायला हवी. काही कॅमेरे पुढं लावायचे असतात, त्यांचं चित्र सरळ असतं. तो चुकून मागं बसला तर ड्रायव्हर डावीकडचं पोर चुकवायला स्टेअरिंग नेमकं पोराच्याच अंगावर फिरवील. काही कॅमेऱ्यांना चित्र फिरवायची बारीक वायर असते, ती कापली की पुढचा मागचा होतो. हे दुकानातच बघून घ्यायचं, घरी आल्यावर नाही.

मग पोऱ्याला खाली फरशीवर बसवलं. मोठ्या कोनाच्या भिंगात सगळं दिसतं, पण ते आहे त्याहून लांब वाटतं. पोऱ्या तीन फुटांवर होता, पडद्यावर सहा-सात फुटांवर असल्यासारखा. म्हणून पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा येतात. त्या रेघा छापील असतात, तुमची गाडी मोजून आखलेल्या नसतात. घरी आल्यावर लाल रेघ म्हणजे नक्की किती फूट हे टेप लावून एकदा बघून घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट अंधार. आपलं काम पहाटेचं नाहीतर दिवेलागणीचं. दुकानात झगझगीत उजेडात सगळेच कॅमेरे छान दिसतात. मी टोपी काढून भिंगावर अर्धवट धरली, तेव्हा एकाचं चित्र ठीक राहिलं, दुसऱ्याच्या पडद्यावर नुसते ठिपके. कॅमेऱ्याच्या भोवती बसवलेले बारके दिवे फार लांब पोचत नाहीत. खरा उजेड गाडीच्या रिव्हर्सच्या दिव्याचा. जुन्या पिकअपचा तो दिवा काजव्याएवढा असतो, नाहीतर काच धुळीनं काळी झालेली. कॅमेऱ्यावर पैसे घालताना त्या दिव्याचा बल्ब आणि काच आधी बदला. शंभर-दोनशेत कॅमेऱ्याची किंमत वसूल होते.

पाणी आणि धूळ. खोक्यावर आयपी ६७ असं लिहिलेलं बघा. यातला सहा म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, आणि सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी पाणी शिरत नाही. अर्थात खोक्यावर छापायला कुणाचं काय जातं! मी तसं म्हणताच दुकानदारानं पेल्यातलं पाणी घेऊन चालू कॅमेरा त्यात सोडला. पडद्यावर त्याच्या बोटांचे ठसे दिसू लागले. तो कॅमेरा आम्ही घेतला.

बिनवायरचाही मिळतो. बसवायला सोपा, पण चित्र मधेच थरथरतं, कधी उशिरा येतं. दोन सेकंदांचं माप मी तिथंच मोजलं. वायरचा लगेच आला, बिनवायरचा एकदा आला, एकदा अडखळला. आपल्याला वायरचाच बरा. पिकअपला आणि ट्रॅक्टरला बारा व्होल्ट चालतात, मोठ्या ट्रकला चोवीस. जवळ दोन्ही गाड्या असतील तर दुकानात स्पष्ट सांगा. पडदा फार मोठा घेऊ नका, तो काचेपुढं उभा राहिला तर पुढचं दिसेना होईल. आम्ही आतल्या आरशावर बसणारा घेतला. हुडाची ताडपत्री दाखवण्यापलीकडं त्या आरशाला काही काम नव्हतंच.

कॅमेरा, पडदा, वायर, दिवा आणि बसवण्याची मजुरी धरून आमचं काम पाच हजारांच्या आत झालं. भाव दुकानागणिक वेगळा असतो, म्हणून नुसत्या कॅमेऱ्याचा भाव विचारू नका. सगळं मिळून किती, असं विचारा.

बसवणूक मात्र स्वतः उभं राहून करून घेतली. फिटरनं पहिल्यांदा कॅमेरा फाळक्यावर धरला. तिथं सोपं जातं. पण शेतात आपण फाळका उघडा टाकतो, मग कॅमेरा जमीन बघणार, आणि क्रेट ओढताना एक दिवस तुटणार. हुडाच्या मागच्या कमानीला, वर मधोमध लावला. उंचावरून खाली बघितलं की बंपरला चिकटून बसलेलंही दिसतं. वायर रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतली, म्हणजे गिअर टाकला की आपोआप चालू. नुसती पीळ मारून पट्टी गुंडाळू देऊ नका, जोड झाळून घ्या, मधे छोटा फ्यूज टाका आणि वायर नळीतून न्या. गाडी गोठ्याशेजारी उभी राहते आणि उंदरांना वायरची चव फार आवडते. गाडी नवी, वॉरंटीतली असेल तर वायरला हात लावण्याआधी शोरूमला विचारून घ्या, नाहीतर उद्या दुसरंच काही बिघडलं तरी बोट तुमच्याकडं येईल.

जुना सेन्सर काढून टाकला नाही. बटणं उचलून जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास घेतली, हुकापासून बाजूला केली, किंचित वर तोंड करून रबरी कड्यात बसवली. मग भरल्या गाडीनं एकदा आणि रिकाम्या गाडीनं एकदा, असं दोनदा मागं घेऊन बघितलं. आता तो जमिनीला भुंकत नाही. भोंग्याची वायर पुतण्यानं स्वतःच्या हातानं परत जोडली. पडद्यावरून नजर हटली तर कानाला कळावं, एवढंच त्याचं काम.

भोंग्याबद्दल एक सांगायचं राहिलं. मागं येताना गाणं वाजवणारे हॉर्न मिळतात. पोरांना ते गाणं भारी आवडतं आणि ती नेमकी गाडीमागं धावत येतात. साधा कर्कश आवाजच लावा, ज्यानं पोरं पळतील.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचं काय, असं कुणी विचारील. ट्रॉलीच्या पाठीला कॅमेरा लावता येतो. वायर टेल-लाइटच्या वायरीबरोबर आणून जोडावर प्लग काढावा लागतो, म्हणजे ट्रॉली सोडताना वायर तुटत नाही. पण ट्रॉली मागं घेताना वाकडी वळते आणि हादऱ्यानं कॅमेरा महिन्यात ढिला होतो. मी तरी ट्रॉलीला खाली उतरलेला एक माणूस आणि त्याची आरोळी यावरच भिस्त ठेवीन.

घरी आल्यावर अंगणात फक्कीनं दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब अशी चौकट आखली. चार कोपऱ्यांवर तेलाचे डबे ठेवून चारही पडद्यावर येतात का बघितलं. डावीकडचा मागचा आला नाही, म्हणून कॅमेरा बोटभर फिरवला. फक्की पहिल्याच पावसात धुऊन गेली, पण पोरांच्या डोक्यात ती चौकट बसली आहे. गाडीची किल्ली हातात घेतली की पुतण्या आधी गाडीभोवती एक फेरी मारतो आणि वहिनी ओट्यावर पोरं मोजतात. तीन भरली की “घे” म्हणतात, त्याशिवाय गिअर पडत नाही. पडद्याला त्या अजून टीव्हीच म्हणतात आणि त्यांचा त्यावर फारसा विश्वास नाही. भिंगावर मात्र रोज धूळ बसते. सकाळी धार काढून येताना त्या चेपलेली कळशी पालथी घालून तिच्यावर उभ्या राहतात आणि ओल्या फडक्यानं ती काच पुसून घेतात.